पश्चिमेचा अँटेना, आग्नेयेची छत्री

पनवेलमधल्या एखाद्या जुन्या इमारतीच्या गच्चीवर चढा आणि नुसत्या दिशा बघा. पाण्याच्या टाकीच्या कठड्याला तारेने आवळलेला ॲल्युमिनियमचा अँटेना अजून कुठे कुठे शिल्लक असतो. निम्म्या काड्या गळालेल्या, पण तोंड पश्चिमेला, कारण वरळीचा दूरदर्शनचा मनोरा इथून सरळ रेषेत तीसेक किलोमीटरवर, जवळजवळ नेमका पश्चिमेला आहे. त्याच गच्चीवर डिशच्या छत्र्यांची रांग असते. त्या बहुतेक सगळ्या वरळीकडे पाठ करून बसलेल्या. त्यांचं तोंड आग्नेयेला, कर्नाळ्याचा सुळका आणि प्रबळगड यांच्या मधल्या आभाळाकडे. आणि या दोन पिढ्यांच्या मधून, एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर झोके घेत जाणारी काळी केबल.

अँटेना, केबल आणि छत्री यांनी चाळीसेक वर्षांत एकामागून एक या गच्च्यांवर हक्क सांगितला. प्रत्येक वेळी विकणारे बदलले, भांडणं बदलली, घरातलं यंत्र बदललं. ती भांडणं दिल्लीच्या न्यायाधिकरणांत आणि मुंबईच्या कचेऱ्यांत लढली गेली, पण त्यांचे खिळे ठोकले गेले ते आपल्या भिंतींत. म्हणून हा इतिहास पनवेलच्या गच्चीवरूनच सांगावासा वाटतो.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. तेव्हाचं पनवेल मुंबईचं उपनगर नव्हतं. भाताच्या गिरण्या, बैलगाडीची चाकं, धूतपापेश्वरचा औषधांचा कारखाना आणि १८५२ पासूनची नगरपालिका असलेलं ते स्वतःच्या ऐटीतलं गाव होतं. वरळीचा मनोरा सुमारे ३०० मीटर उंच आणि मधे खाडी नि सखल जमीन, त्यामुळे पनवेलला चित्र बरं दिसायचं. ‘आमची माती आमची माणसं’, ‘गजरा’, ‘छायागीत’ बघायला ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या ओसरीवर आळी जमायची. चित्रात मुंग्या आल्या की एकाने गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचा, दुसऱ्याने जिन्यात उभं राहून निरोप पोचवायचा आणि तिसऱ्याने टीव्हीसमोरून ‘आलं, आलं… गेलं’ असं ओरडायचं.

१५ ऑगस्ट १९८२ ला राष्ट्रीय प्रक्षेपण रंगीत झालं, नोव्हेंबरात दिल्लीत आशियाई खेळ झाले आणि टीव्ही संचांची पहिली मोठी स्पर्धा पेटली. सरकारने रंगीत संचांचे सुटे भाग आयात करून इथे जुळवणी करायला परवानगी दिली होती, त्यामुळे संच विकणारे भराभर वाढले. मुंबईत गुलू मीरचंदानींच्या मर्क इलेक्ट्रॉनिक्सने १९८१ मध्ये ओनिडा काढला होता. शिंगं-शेपटीवाल्या सैतानाची त्याची जाहिरात पुढे घरोघर ओळखीची झाली. इकडे मराठवाड्यात, ऊस-कापसाच्या धंद्यातून आलेल्या नंदलाल धूत यांच्या घराण्याने जपानच्या तोशिबाचं तंत्रज्ञान घेऊन व्हिडिओकॉन उभी केली. औरंगाबादजवळ पैठण रस्त्यावर चितेगावला कारखाना झाला. मराठवाड्यासारख्या कोरडवाहू प्रदेशात तयार झालेला रंगीत टीव्ही देशभर विकला जातो ही त्या काळी मोठीच गोष्ट होती, आणि तिचा अभिमान वाटण्यात काही चूक नव्हतं.

त्या स्पर्धेत ग्राहकाला एक सुख होतं, ते आज आठवलं पाहिजे. संच ओनिडाचा असो, व्हिडिओकॉनचा असो की बीपीएलचा, वरळीहून येणारं चित्र सगळ्यांवर सारखंच दिसायचं. प्रक्षेपणाची पद्धत एकच होती आणि ती सगळ्यांना खुली होती. आज एका कंपनीचा संच, पाच वर्षांनी दुसऱ्या कंपनीचा, अँटेना तोच. यंत्र विकणारा आणि चित्र पाठवणारा हे दोघे एकमेकांपासून पूर्ण वेगळे होते. पुढची सगळी कहाणी हे दोघे एक कसे झाले याची आहे.

केबल आली ती आधी व्हीसीआरच्या पाठीवर बसून. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या इमारतींमध्ये कोणीतरी एका खोलीत व्हीसीआर लावायचा आणि वायरी टाकून घरोघर सिनेमा दाखवायचा. ही पद्धत आसपासच्या गावांत पसरली. १९९० च्या एप्रिलमध्ये एशियासॅट-१ उपग्रह वर गेला, जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध सुरू होऊन उपग्रहामार्फत टीव्हीवर दिसू लागलं, त्याच वर्षी स्टार टीव्ही आला आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही. आता केबलवाल्याच्या गच्चीवर जाळीची भली थोरली छत्री उभी राहिली.

केबलवाल्याची कंट्रोल रूम म्हणजे जिन्याखालची किंवा गच्चीवरची एक कोंदट खोली. लोखंडी मांडणीवर एकावर एक रचलेले रिसीव्हर, प्रत्येक वाहिनीला एक. त्याखाली मॉड्युलेटर, त्यांना जोडणारी वायरींची जाळी आणि उष्णता कमी करायला सतत घरघरणारा टेबलफॅन. तिथून निघालेली मेन लाइन खांबांवरून, झाडांवरून, ज्याची हरकत नाही त्याच्या खिडकीच्या छज्ज्यावरून जायची. काही अंतरावर सिग्नल क्षीण होतो म्हणून मधे ॲम्प्लिफायर, आणि त्याला वीज कोणाच्या तरी मीटरवरून घेतलेली. भारनियमनाच्या वर्षांत आपल्या घरी वीज असायची, पण ॲम्प्लिफायर ज्या इमारतीत तिथे नसायची, आणि मालिका ऐन रंगात असताना पडद्यावर मुंग्या यायच्या. केबलवाल्याला फोन केला की उत्तर ठरलेलं: ‘काकू, पुढच्या लाइनची लाइट गेलीय.’

प्रत्येक वाहिनीला तारेत सात-आठ मेगाहर्ट्झची जागा लागायची. म्हणजे तारेत जागा मोजकी, वाहिन्या भरमसाट. कोणती वाहिनी आत घ्यायची, आणि चित्र स्वच्छ येतं त्या पट्ट्यात कोणाला बसवायचं, याचे पैसे वाहिन्या केबल कंपन्यांना मोजू लागल्या. उलट दिशेने, वाहिनीला घरटी द्यायचे पैसे चुकवण्यासाठी खाली जोडण्या कमी दाखवल्या जात. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या करमणूक कर शाखेलाही तेच आकडे मिळायचे. घरी आलेल्या माणसाच्या हातात पैसे दिले की व्यवहार संपला. पावती मागणारा विरळाच.

वर झीची सिटी केबल, हिंदुजांची इन केबलनेट, हॅथवे अशा मोठ्या कंपन्या होत्या. एकेका भागातले छोटे केबलवाले आपल्याकडे ओढण्यासाठी त्यांच्यात चढाओढ चालायची आणि मुंबईत ती वायरी कापण्यापर्यंत, मारामाऱ्यांपर्यंत गेली. पण ही स्पर्धा केबलवाल्यासाठी होती, ग्राहकासाठी नव्हती. आपल्या इमारतीत केबलवाला एकच. त्याची हद्द ठरलेली, दुसरा तिथे पाऊल टाकत नसे. केंद्राने १९९४ ला अध्यादेश आणि १९९५ ला केबल टीव्हीचा कायदा आणला, टपाल कार्यालयात नोंदणी सक्तीची केली; हद्दीचा हा अलिखित कायदा मात्र तसाच राहिला.

याच काळात पनवेल बदलत होतं. जून १९९८ मध्ये हार्बरची लोकल पनवेलपर्यंत आली. सिडकोच्या नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कळंबोली, कामोठे, खारघरच्या इमारतींत दादर-परळपासून साताऱ्या-सांगलीपर्यंतची माणसं राहायला आली. १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी आणि २००० च्या जुलैत ई टीव्ही मराठी सुरू झाल्यावर संध्याकाळच्या मालिका आणि केबल यांची गाठ पक्की बसली. केबलचा माणूस महिन्यातून एकदा दारात यायचा, त्याला घरातल्या मुलांची नावं माहीत असायची, गणपतीत त्याच्याकडून वर्गणी घेतली जायची. त्याच्याबद्दल तक्रारी होत्या आणि जिव्हाळाही होता. एकाच माणसाबद्दल दोन्ही असणं त्या काळात अवघड नव्हतं.

डिजिटल खोक्याचा पहिला प्रयोग फसला. २००२ मध्ये कायदा दुरुस्त करून सशुल्क वाहिन्या सेट टॉप बॉक्समधूनच द्यायच्या असं ठरलं. १ सप्टेंबर २००३ ला चेन्नईत ते सुरू झालं, मुंबई-दिल्लीत राजकारणाने रोखलं. दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २००७ च्या पहिल्या दिवसापासून दिल्ली, कोलकाता आणि मुंबईच्या ठरावीक भागांत ती पद्धत लागू झाली. वाहिनीला जास्तीत जास्त ५ रुपये, खोका भाड्याने हवा असेल तर ९९९ रुपये अनामत आणि महिना ३० रुपये, किंवा २५० रुपये अनामत आणि महिना ४५. पनवेल यात कुठेच नव्हतं. इथला केबलवाला दक्षिण मुंबईच्या बातम्या वाचून हसत होता. खोका नको, रिमोटचा दुसरा ताप नको, माझ्या एका वायरीत घरातले दोन्ही टीव्ही चालतात हे त्याचं म्हणणं ग्राहकालाही पटत होतं.

त्याच्या डोक्यावर मात्र छत्र्या उगवायला लागल्या होत्या. झी समूहाची डिश टीव्ही २ ऑक्टोबर २००३ ला सुरू झाली. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने महिन्याचे पैसे नसलेली डीडी डायरेक्ट प्लस आणली. ८ ऑगस्ट २००६ ला टाटा स्काय आली. तिच्यात टाटांबरोबर स्टारचा हिस्सा होता. मग दक्षिणेची सन डायरेक्ट, ऑगस्ट २००८ मध्ये रिलायन्सची बिग टीव्ही, ऑक्टोबरात एअरटेल, आणि २००९ मध्ये औरंगाबादच्या व्हिडिओकॉनची डी टू एच. सहा वर्षांत सहा खासगी कंपन्या आणि एक सरकारी. ज्या इमारतीत केबलवाला एकच असायचा, तिथल्या माणसाच्या हातात अचानक सात पर्याय आले. ही लहान गोष्ट नव्हती. हद्दीचा तो अलिखित कायदा सरकारला मोडता आला नव्हता, तो छत्रीने मोडला.

छत्री बसवणाऱ्या पोराचं काम बघण्यासारखं असे. पाठीवर पिशवी, हातात ड्रिल, खिशात होकायंत्र. आधी तो गच्चीवर उभा राहून आग्नेयेला काय आहे ते बघायचा. समोर नवी इमारत असेल, आंब्याचं झाड असेल, तर तिथेच ‘इथे नाही लागणार’ म्हणायचा. टाटा स्कायचा इन्सॅट-४ए ८३ अंश पूर्व रेखांशावर, डिश टीव्हीचा उपग्रह ९५ अंशांवर, त्यामुळे एकीची छत्री दक्षिणेकडे अधिक कललेली, दुसरीची पूर्वेकडे अधिक वळलेली. सराव झालेल्या डोळ्याला लांबून छत्रीच्या कलावरून कंपनी ओळखू येई. चार खिळे मारून पाया बसवला की एका हाताने छत्री केसभर हलवत, दुसऱ्या हातातल्या छोट्या मीटरचा सूर ऐकत तो सिग्नल पकडायचा. केसभर चुकलं तरी कोरड्या दिवसांत चित्र दिसायचं. चूक कळायची जूनमध्ये. पश्चिमेचा पाऊस प्रबळगडाकडे सरकायला लागला, मधलं आभाळ काळं झालं की चित्राच्या चौकटी-चौकटी होऊन ते थिजायचं आणि पडद्यावर सिग्नल नसल्याची पाटी यायची. या छत्र्या ज्या केयू बँडवर चालतात त्या लहरींना मोठे थेंब अडवतात. कोकणातल्या पावसात हे गणित कधी पुरतं सुटलं नाही, आणि दर पावसाळ्यात केबलवाला आपली काळी वायर दाखवून मिशीत हसायचा.

स्पर्धेची खरी झुंज मात्र दुकानात दिसत नव्हती. ती दोन ठिकाणी होती.

एक आभाळात. उपग्रहावरचे ट्रान्सपॉन्डर म्हणजे छत्रीवाल्यांची तारेतली जागा, आणि ती इस्रोमार्फतच मिळायची. १० जुलै २००६ रोजी श्रीहरिकोट्याहून उडालेलं जीएसएलव्ही काही क्षणांत बंगालच्या उपसागरात कोसळलं आणि त्याबरोबर इन्सॅट-४सी गेला. त्याच्या जागचा ४सीआर सप्टेंबर २००७ मध्ये वर गेला. जागेची ही टंचाई ज्याने आधी ओळखली त्याला फायदा झाला. डिश टीव्ही आणि टाटा स्काय एमपेग-२ या जुन्या पद्धतीने चित्र दाबून पाठवत होत्या. मागून आलेल्या सन डायरेक्ट, एअरटेल, व्हिडिओकॉन यांनी थेट एमपेग-४ घेतलं, ज्यात त्याच जागेत साधारण दुप्पट वाहिन्या बसतात. उशिरा येण्याचा असा लाभ धंद्यात क्वचित मिळतो. पहिल्या दोघींच्या गळ्यात मात्र घरोघर बसवलेले जुने खोके अडकले.

दुसरी झुंज न्यायाधिकरणात. डिश टीव्ही झीच्या घरची, टाटा स्कायमध्ये स्टार. प्रतिस्पर्ध्याला आपल्या वाहिन्या द्यायच्या की नाही? डिश टीव्हीला स्टारच्या वाहिन्यांसाठी टीडीसॅट या दूरसंचार न्यायाधिकरणापर्यंत जावं लागलं. मागेल त्या प्रत्येक वितरकाला वाहिनी द्यावीच लागेल, हा ट्राय या दूरसंचार नियामकाचा डिसेंबर २००४ चा नियम इथे उपयोगी पडला. तो नसता तर एका छत्रीवर झी आणि दुसरीवर स्टार अशी वाटणी झाली असती, आणि सासू-सुनांच्या आवडीप्रमाणे घरावर दोन छत्र्या लावाव्या लागल्या असत्या.

मग वाहिन्यांना लागू पडलेलं हेच तत्त्व खोक्याला का लागू पडलं नाही? हा प्रश्न मला या सगळ्या इतिहासाच्या मध्यभागी दिसतो. डीटीएचच्या, म्हणजे या छत्री-सेवेच्या, परवान्यात खोका खुल्या पद्धतीचा असावा, एका कंपनीचा ग्राहक तोच खोका ठेवून दुसरीकडे जाऊ शकावा, अशी अट पहिल्यापासून होती. प्रत्यक्षात डिश टीव्हीने कुलूप घेतलं कोनॅक्सचं, टाटा स्कायने एनडीएसचं, व्हिडिओकॉनने इर्डेटोचं. कुलूप म्हणजे ते छोटं कार्ड आणि खोक्यातली सांकेतिक यंत्रणा, जी पैसे भरलेल्यालाच चित्र उघडून दाखवते. चोरी थांबवायला ते हवंच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण कंपन्या खोका तोट्यात विकत होत्या आणि तो तोटा महिन्याच्या रिचार्जमधून भरून काढायचा होता. ग्राहक खोक्यासकट उठून शेजारच्या कंपनीकडे गेला तर भरून काढणार कोणाकडून? म्हणून अट कागदावर राहिली. शाहरुख खान डिश टीव्हीची जाहिरात करत होता, आमिर खान टाटा स्कायची. दुकानदार तीन महिने फुकट देत होता. निवड खरी होती, पण ती एकाच दिवसाची, खरेदीच्या दिवसाची. छत्री भिंतीत बसली की पुढे कंपनी सांगेल ते पॅक.

आमच्या घरचा पहिला खोका पाचव्या वर्षी बंद पडला. कंपनीच्या माणसाने तो कानाशी धरून हलवला आणि म्हणाला, ‘हा आता नाही चालणार, नवीन घ्यावा लागेल.’ शेजारच्यांनी कंपनी बदलल्याने त्यांच्या माळ्यावर एक चालू स्थितीतला खोका पडून होता. तोच बसवून दे म्हटलं तर त्या मुलाने असं बघितलं, जणू मी मारुतीला बजाजचं चाक लावायला सांगत होतो. पण मारुतीला टायर कोणत्याही कंपनीचा चालतो, बल्ब कोणत्याही कंपनीच्या होल्डरला बसतो, आणि वरळीच्या अँटेनाला कोणताही टीव्ही चालायचा. हे मी त्याला सांगितलं नाही. तो दिवसाला आठ गच्च्या चढणारा पोरगा होता, नियम त्याने केले नव्हते.

२०११ च्या अखेरीला संसदेने केबलचं डिजिटायझेशन सक्तीचं केलं आणि इथे पनवेलच्या भूगोलाला एकदम महत्त्व आलं. मुंबईसह चार महानगरांना आधी ३० जून आणि मग ३१ ऑक्टोबर २०१२ ची मुदत. दुसऱ्या टप्प्यात ३८ शहरं, त्यांत ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि नवी मुंबई, मुदत ३१ मार्च २०१३. नगरपालिका असलेली बाकीची शहरं तिसऱ्या टप्प्यात. त्यांची मुदत सरकत सरकत ३१ डिसेंबर २०१५ झाली. उरलेला देश चौथ्यात, अखेर ३१ मार्च २०१७. पनवेल नगरपरिषद तिसऱ्यात बसली. नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर सिडकोने वसवलेले खारघर, कामोठे, कळंबोली हे भाग तर कागदावर त्याच्याही मागे, कारण पनवेलची महापालिका झाली १ ऑक्टोबर २०१६ ला, आसपासची २९ गावं घेऊन. म्हणजे बेलापूरला राहणाऱ्या भावाला खोका सक्तीचा आणि तिथून लोकलच्या एक-दोन स्थानकांवर राहणाऱ्या बहिणीला वायर थेट टीव्हीत. तारीख बदलत होती ती हद्दीच्या रेषेवर, आणि ती रेषा पायी ओलांडता येत होती.

मधल्या पावणेतीन वर्षांत दोन्ही बाजूंनी घाई झाली. छत्रीवाल्यांना कळत होतं की खोका घ्यायचाच आहे म्हटल्यावर माणूस आमचाही घेईल. केबलवाल्यांना कळत होतं की आपण आधी खोका बसवला नाही तर घर गेलं. कोट्यवधी खोके एकदम लागणार होते आणि त्यांतले बरेच चीन नि कोरियातून आले. देशी कारखान्यांच्या तक्रारीनंतर २०१३ च्या अर्थसंकल्पात त्यांच्यावरची आयात ड्युटी ५ वरून १० टक्के झाली. बेलापूर-नेरुळपुरतं ऐकलेलं ‘फॉर्म भरा’ हे वाक्य एक दिवस पनवेलच्या जिन्यांत ऐकू आलं. नाव, पत्ता, टीव्ही किती, कोणत्या वाहिन्या. बहुतेक घरांत वाहिन्यांच्या रकान्यात केबलवाल्यानेच खुणा केल्या. राज्याराज्यांतल्या केबल संघटना मुदतीविरुद्ध उच्च न्यायालयांत गेल्या, खटले पुढे दिल्लीला एकत्र झाले, आणि या गडबडीत जुना सिग्नल काही महिने रेंगाळला. मग गेला. ज्यांनी खोका घेतला नव्हता त्यांच्या पडद्यावर शेवटच्या मुंग्या आल्या.

केबलवाल्याचं काय झालं? चित्र सुधारलं, वाहिन्या चारशेवर गेल्या, पावती मिळू लागली, आणि त्याच्या जोडण्यांचा खरा आकडा प्रथमच वरच्या कंपनीच्या संगणकात दिसू लागला. ट्रायने २०१२ मध्ये १०० रुपयांत १०० मोफत वाहिन्यांचा पाया आणि सशुल्क वाहिन्यांच्या उत्पन्नात ६५-३५ अशी वाटणी घालून दिली होती, ३५ केबलवाल्याचे. ज्या माणसाने स्वतःच्या पैशाने खांबाखांबावरून तार नेली तो वसुली करणारा हस्तक झाला. त्याने वर्षानुवर्षं आकडे लपवले हे खरं, ग्राहकाला पर्याय दिला नाही हेही खरं. तरीही पूर आला, वीज गेली, लाइन तुटली तर रात्री शिडी घेऊन येणारा तोच होता, आणि टोल फ्री नंबर शिडी घेऊन येत नाही.

पुढचं चित्र भराभर बदललं. अनिल अंबानींच्या समूहाने २०१७ च्या अखेरीस बिग टीव्ही विकायला काढली, ती इंडिपेन्डन्ट टीव्ही झाली आणि काही काळातच तिचे पडदे काळे पडले. मार्च २०१८ मध्ये डी टू एच डिश टीव्हीत विलीन झाली.

व्हिडिओकॉनचा शेवट मला चटका लावून जातो. २००५ मध्ये तिने फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा घेतला, पोलंड-इटलीपासून मेक्सिको-चीनपर्यंतच्या कारखान्यांसह. चितेगावची कंपनी जगातल्या मोठ्या ट्यूब बनवणाऱ्यांत जाऊन बसली, नेमकी तेव्हा, जेव्हा सपाट पडद्याने ट्यूबच संपवायला घेतली होती. त्याच्या जोडीला तेलविहिरी, मोबाइल सेवा, डीटीएच असं हात पसरणं आणि कर्जाचा डोंगर. जून २०१८ मध्ये व्हिडिओकॉन इंडस्ट्रीज दिवाळखोरीच्या प्रक्रियेत दाखल झाली. पैठण रस्त्यावरच्या ज्या कुटुंबांनी पाळ्यांमध्ये उभं राहून घरोघरचे टीव्ही जुळवले होते, त्यांच्या वाट्याला थकलेले पगार आणि बंद फाटक आलं. मालकांच्या निर्णयांचा हिशोब न्यायालयात होईल. त्या हातांचं कसब खरं होतं, एवढं मराठी वाचकाने विसरू नये.

१ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची नवी दरपद्धत आली. १०० वाहिन्यांना १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, आणि वर प्रत्येक सशुल्क वाहिनीचे वेगळे. हवं तेवढंच घ्या, असा हेतू चांगला होता. हिशोब मात्र आजी-आजोबांना झेपला नाही, आणि बहुतेकांनी पुन्हा कंपनीने बांधून दिलेला गठ्ठाच घेतला. त्याआधी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, मुकेश अंबानींच्या रिलायन्सने हॅथवे आणि डेन या दोन मोठ्या केबल कंपन्यांचा ताबा घेण्याचं जाहीर केलं होतं. त्यांचं जिओचं ठाणं घणसोलीला, पनवेलहून तासाभराच्या आत. २०१९ च्या सप्टेंबरात जिओफायबर आलं, आणि काळ्या केबलच्या बाजूने तिच्याहून बारीक एक तार जिन्यात शिरली. आता मालिका फोनवर, सामना फोनवर. देशातले पैसे भरणारे डीटीएच ग्राहक २०२० च्या सुमारास सात कोटींच्या आसपास होते, ते २०२४ पर्यंत सहा कोटींच्या आसपास आले. टाटा स्कायने २०२२ मध्ये नावातला ‘स्काय’ काढून टाकला. ती टाटा प्ले झाली. गच्चीवरच्या छत्र्यांत आता कावळे काड्या जमवतात, जशा त्यांनी अँटेनावर जमवल्या होत्या.

या सगळ्यात ट्रायने १० एप्रिल २०२० रोजी एक शिफारस सरकारला पाठवली, टाळेबंदीच्या दिवसांत, त्यामुळे ती फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. देशातला प्रत्येक सेट टॉप बॉक्स कोणत्याही कंपनीच्या सेवेला चालावा, आणि टीव्ही संचातही त्यासाठी यूएसबीची खुली सोय असावी, अशी ती शिफारस. परवान्यातली जुनी अटच ट्रायने इतक्या वर्षांनी पुन्हा लिहिली होती. तोवर माळ्यामाळ्यावर चालू स्थितीतले, पण निरुपयोगी झालेले खोके साठले होते. आजही पनवेलच्या दुकानात गेलात तर एका कंपनीच्या खोक्यावर दुसऱ्या कंपनीचं रिचार्ज होत नाही.

तेव्हा नवी जोडणी घेताना, मग ती छत्रीची असो, केबलची असो की फायबरची, दोन गोष्टी लेखी मागून घ्या. खोका विकत आहे की भाड्याने, आणि सेवा सोडली तर त्याचं काय. विकत, हप्त्याने की भाड्याने, यांतले कोणते पर्याय आहेत ते कंपनीला विचारा. आणि माळ्यावरचे जुने खोके भंगारवाल्याला देऊ नका. महापालिकेच्या ई-कचरा संकलनात द्या. त्यांतलं शिसं गाढी नदीत जायला नको.